आपा, गाडी आणि व्हय म्हाराजा

आपांचा आवाज काढणं सोपं आहे. घशात चिमूटभर वाळू असल्यासारखं बोलायचं, दर दुसऱ्या वाक्याला खोकायचं, आणि समोरचा बोलून दमला की मग उत्तर द्यायचं. अवघड आहे ते त्यांचं गप्प बसणं. मी आमच्या आचरा गावातल्या सगळ्यांच्या नकला करतो. सरपंच, पोस्टमन, कणकवली गाडीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर (प्रार्थनेआधीचे वेगळे, नंतरचे वेगळे). पण आपांसारखा गप्प बसायला गेलो की लोक विचारतात, "ह्येका बरा वाटत नाय काय?"

शाळेच्या गॅदरिंगला मी पहिल्यांदा आपा केले. मांडव हसून हसून वाकडा झाला. आपा पुढच्याच बाकावर होते. त्यांच्या तोंडावरची एक सुरकुती हलली नाही. कार्यक्रम संपल्यावर मागे आले, माझ्याकडे नीट बघितलं, खोकले.

"नकल्या, खोकताना मी मान डावीकडे करतंय. तू सरळच खोकलंस. फुडच्या वर्सा सुदार."

आणि गेले. पुढच्या वर्षी मी सुधारलं. तेव्हा म्हणाले, "आता बरा."

त्यांचं घर आणि आमचं घर ह्यांच्यामध्ये एक चिऱ्यांचा गडगा. त्यामुळे माझ्या लहानपणाची निम्मी करमणूक त्या बाजूला आणि निम्मा मार ह्या बाजूला. आपा मासेमारांच्या घरातले. आजा दर्यावर, बाप दर्यावर, थोरला भाऊ होडीचा मालक. फक्त आपांना होडीत उलटी व्हायची. नांगर काढायच्या आधीच व्हायची. लिंबू झालं, आवळा झाला, नवस झाला. एकदा भाऊंनी त्यांना डोलकाठीला बांधून नेलं, तर उभ्यानं झाली. त्या दिवशी आपा होडीतून उतरले, वाळूत बसले आणि म्हणाले, "दर्यो थंय ऱ्हवांदे. मी हंय ऱ्हवतंय."

मग त्यांनी मालवणात कुणाची तरी जुनी मोटारसायकल घेतली. काळी, जाड, म्हशीच्या जातीची. तिला आपा आणि त्यामुळे सगळा गाव 'गाडी' म्हणायचा. गावात दुसऱ्या मोटारसायकली होत्या, पण त्या मोटारसायकली होत्या.

गाडीचं काम एकच. सकाळी किनाऱ्यावर लिलाव झाला की सुमतीकाकींच्या मासळीच्या दोन पाट्या दोन्ही बाजूंना बांधायच्या, मध्ये काकी बसवायच्या आणि कट्टा गावाच्या बाजारात ऊन चढायच्या आत पोचवायचं. काकी म्हणजे आपांची बायको. एसटीत मासळी घेऊन चढलं की कंडक्टर नाक धरून इतिहासातल्या सगळ्या तक्रारी सांगायचा. टेंपो होता, पण तो भरल्याशिवाय हलायचा नाही, आणि भरेपर्यंत बांगड्यांचे डोळे पडायचे. कट्ट्याच्या बायका बांगड्याचा आधी डोळा बघतात, मग कल्ला उघडतात, मग तोंड वाकडं करतात. काकींच्या पाटीसमोर त्या तोंड वाकडं न करता उभ्या राहायच्या, कारण गाडी. काकींचा धंदा गाडीवर, आणि घर काकींच्या धंद्यावर. आपा हे कुणालाही सांगायचे, लाजायचे नाहीत. "मी डायवर. मालकीण मागे बसता."

पाट्यांतलं खारं पाणी वाटभर ठिबकायचं, ते थेट चेनीवर. म्हणून दुपारी परत आल्यावर आपा गाडी डबल स्टँडवर चढवायचे, विहिरीचं गोडं पाणी मारायचे, मागचं चाक हातानं फिरवत चेन घासायचे, पुसायचे, तेल द्यायचे. स्वतःची आंघोळ नंतर, कधी कधी नाहीच. काकी ओरडल्या की म्हणायचे, "माका गंज लागना नाय."

कशाचीही घाई नाही. "घाई दर्यात करूची," हे त्यांचं ठरलेलं. "हंय जमनीर कोण बुडता?"

मी बारावीत होतो तेव्हा त्यांची कंबर गेली. गाडी डबल स्टँडवर चढवायला त्यांनी एक पाय स्टँडवर दिला, दोन्ही हातांनी मागून ओढली, गाडी चढली, आणि आपा तिथेच राहिले. वाकलेले, नजर जमिनीवर. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भाऊ गडग्यापाशी होते, त्यांनी विचारलं, "काय पडला रे?"

आपा काही बोलले नाहीत. भाऊ आत आले आणि तेही वाकून शोधायला लागले. मग माझे वडील गेले. मग रस्त्यानं जाणारा पोस्टमन सायकल लावून आला. बराच वेळ तिघे जण घरापुढच्या खळ्यात वाकून फिरत होते.

"नट काय रे?" भाऊ म्हणाले.

"कंबर," आपा म्हणाले.

मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणका सरकलाय, ह्यापुढे वजन उचलायचं नाही, ओढायचं नाही, पट्टा बांधायचा. गाडी चालवायला थोड्या दिवसांनी हरकत नाही. आपांनी पट्टा शर्टाच्या वरून बांधला, कारण आतून बांधला तर लोकांना कळत नाही आणि ते कायतरी उचलायला सांगतात.

काकींनी मात्र एकच वाक्य सांगितलं. पाटी धुता धुता, वर न बघता. "परत त्या गाडयेपायी कंबर गेली, तर गाडी इकतलंय. कट्ट्यातलो गॅरेजवालो माका कदीपासून इचारता."

"आणि मासळी?"

"टेंपोत. नायतर डोक्यार. माका घोव सरळ होयो."

तेव्हा प्रश्न असा झाला. चेन रोज साफ करायलाच पाहिजे, नाहीतर गाडी महिन्यात कुजणार. साफ करायला मागचं चाक अधांतरी पाहिजे. अधांतरी करायला गाडी उचलायला पाहिजे. आणि उचलायची नाही. आपा दोन दिवस ओटीवर बसून गाडीकडे बघत होते. गाडी पण, माझी शपथ, त्यांच्याकडे बघत होती.

पहिला उपाय भाऊंचा. भाऊंचा आवाज असा, की ते किनाऱ्यावरून बोलले तर होडीतला माणूस कानावर हात ठेवतो. "येवढी होडी आमी कप्पी लावन वर वडतंव. ही गाडी म्हणजे काय? हाडा रे रशी!"

खळ्यातल्या आंब्याच्या फांदीला कप्पी बांधली, होडीची रशी आणली, गाडीच्या सीटखालून घातली आणि पाच माणसांनी 'हैसा' करून ओढली. गाडी वर गेली. चाक अधांतरी झालं, पण एक नाही, दोन्ही. आणि गाडी सावकाश स्वतःभोवती फिरायला लागली. आपा ब्रश घेऊन चेनीच्या मागे गोल फिरायला लागले. चेन पुढे, आपा मागे. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलं, तेव्हा पाचांतला एक विडी पेटवायच्या बेतात होता.

आपांनी ब्रश खाली ठेवला. "उतरवा. सावकाश. आणि ती विडी खिशात घाल, मेल्या."

त्यानंतर आपांनी जॅक घ्यायचं ठरवलं. त्यासाठी ते आणि काकी कणकवलीला निघाले. माझं कॉलेजच्या ॲडमिशनचं काम होतं, म्हणून त्यांच्याच एसटीत मीही होतो. काकी का आल्या? तर आपा दुकानात काही उचलणार नाहीत ह्यावर लक्ष ठेवायला. आपांना वस्तू हातात घेऊन तोलल्याशिवाय पटायची नाही. कलिंगड सोडा, ते कालनिर्णयसुद्धा तोलून घ्यायचे.

माझं काम लवकर उरकलं, म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानातही मी बरोबर होतो. आत गेल्यावर आपा शुद्ध मराठीत शिरले. कणकवलीत ते तसंच करायचे.

"आम्हांस जॅक पाहिजे. मोटारसायकलीस."

दुकानदार गोल, हसरा माणूस. त्यानं बाटलीसारखा एक जॅक काउंटरवर ठेवला. "हा न्या काका. ट्रक उचलतो."

आपा त्या बाटलीच्या डोक्याकडे बघत राहिले. वाटीएवढं डोकं. दुकानदार बोलून दमला.

"ट्रकास चार चाके असतात," आपा म्हणाले. "एक उचलले तरी बाकीची भुईर ऱ्हवतत. माज्या गाडयेक दोनच. येवढ्याशा टकल्यार ती उबी ऱ्हवतली? तुमी ऱ्हवशात?"

दुसरा कात्रीसारखा, दांडा फिरवून वर जाणारा. चांगला होता, पण अरुंद. "ह्येच्यार गाडी बसतली, पण झोप लागूची नाय तिका," आपा म्हणाले.

मग दुकानदारानं माळ्यावरून एक धुळीनं भरलेलं धूड काढलं. कुठल्या तरी गॅरेजनं मागवून नेलाच नव्हता. खाली चार छोटी चाकं, वर रबर लावलेले दोन रुंद हात, पायानं दाबायचं एक पेडल वर न्यायला, दुसरं खाली आणायला. बाजूला दात्यांचा लॉक. पट्टे अडकवायला कड्या. आपांचे हात पुढे गेले.

"उचलू नको!" काकी.

"तू उचल तर."

काकींनी उचलला.

"जड आसा गो?"

"आसा."

"मगे बरो."

मग आपांनी खिशातून जाळं विणायचं सूत काढलं. त्याला गाठी मारलेल्या. दुकानदार म्हणाला, "इंचात सांगा ना काका."

"इंच माका कळना नाय. ही गाठ म्हणजे इंजनाखालची जागा. जॅक निजललो आसताना ह्येच्याखाली जावक व्हयो, नायतर आदी गाडी उचलूक लागतली, मगे जॅक कित्याक? ही गाठ ते ही गाठ म्हणजे खालच्या दोन पायपांमदलो अंतर. हात त्या पायपांवर बसाक व्हये. सायलेन्सरार नाय, इंजनाच्या पोटार नाय. पोट फुटता."

सूत लावून बघितलं. बसलं. मग जॅकवर छापलेलं वजन बघितलं, ते गाडीच्या वजनापेक्षा भरपूर जास्त होतं. आपा समाधानानं म्हणाले, "गाडी, वर पाट्यो, वर ही चुकान बसली तरी..."

"मी कित्या बसान?" काकी.

"चुकान म्हणतंय."

शेवटची परीक्षा राहिली होती. आपांनी दुकानदाराला जॅकवर उभं राहायची विनंती केली. तो बिचारा गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला. आपांनी पायानं पेडल मारलं, दुकानदार हळूहळू वर गेला. आपा बाजूच्या स्टुलावर बसले.

"काका, उतरू का?"

"ऱ्हवा थोडे. आपसूक खाली येता काय बघूया. तेल गळणारो आसलो तर निजान जातलो."

काकींनी पिशवीतनं दोन पोळ्या काढून ठेवल्या. मला एक मिळाली. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, दुकानदार वरूनच स्पार्क प्लग आणि बल्ब देत होता. पोळी संपली तरी तो तेवढ्याच उंचीवर होता. मग आपांनी दुसऱ्या पेडलावर पाय ठेवून त्याला सावकाश, धक्का न देता उतरवला. "ह्यो बांदून देवा," आपा म्हणाले.

जॅक घरी आला आणि खळ्यात रुतला. शेणानं सारवलेली मऊ भुई, त्यात चार छोटी चाकं. खाली फळी घातली तर फळीच डुगडुगली. विहिरीजवळ कोबा होता, पण तो पाणी जायला उतरता केलेला. जॅकनं तिथे स्वतःहून दोन पावलं टाकली. सगळ्या घरात सपाट आणि टणक जागा एकच, माजघरातला गणपती बसतो तिथला कोबा. आपांनी तिकडे नुसतं बघितलं.

"देवाच्या जाग्यार गाडी हाडलस तर आदी माका भायर काड," काकी म्हणाल्या.

म्हणून खळ्यात नवीन कोबा घातला. सुकल्यावर आपा त्यावर ठिकठिकाणी सुपारी ठेवत फिरले. सुपारी घरंगळली तिथे परत घोटवला. सुपारी कुठेच हलेना, तेव्हा मुहूर्त ठरला.

आता, आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची असो, विहीर खणायची असो की नाटकाचा पडदा उघडायचा असो, आधी गाऱ्हाणं घालतात. एकानं देवासमोर सगळं मोठ्यानं सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हात जोडून, डोळे मिटून. आपांनी ठरवलं, जॅकचं पण तसंच. म्हणजे एकही गोष्ट विसरायला नको. कल्पना अगदी बिनचूक होती. मी अजूनही म्हणेन, बिनचूक होती.

काकी सकाळीच टेंपोनं कट्ट्याला गेल्या होत्या. खळ्यात भाऊ, माझे वडील, पोस्टमन, रशीवाले पाच जण आणि मी. आपांनी एका हातानं गाडीचं हँडल सरळ धरलं, मान डावीकडे करून खोकले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हंय जी काय चार माणसा जमली आसत, तेंच्या साक्षीन ही गाडी वर उचलूची आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भुय सपाट आसा, इंजन थंड आसा, पेट्रोलची चावी बंद आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"फुडचो ब्रेक रशयेन बांदलेलो आसा! जॅक मदोमद, दोनय पायपांखाली बसललो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

हे सगळं खरं होतं. आपांनी स्वतः बघितलं होतं. मग त्यांनी पायानं पेडल दाबलं, आणि ती म्हैस गप्पपणे वर उठली. पोस्टमननं टोपी काढली. पुढचं काम त्यांनी माणसांना वाटून दिलं होतं. एक पट्टा माझ्या वडिलांनी, दुसरा पोस्टमननं, आणि लॉक भाऊंनी.

"दोनय पट्टे बांदलेले आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लॉक बसललो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्यात भाऊंचा आवाज सगळ्यांत मोठा. हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले.

मिटलेल्या डोळ्यांनी लॉक दिसत नाही, जोडलेल्या हातांनी पट्टा बांधता येत नाही. पण देवासमोर 'नाय' कोण म्हणणार? आपांनी पण शेवटचं म्हणून दोन्ही हात जोडले. म्हणजे हँडल सुटलं. आणि भाऊंनी भक्तिभावानं एक पाय पुढे टाकला, तो नेमका खाली आणायच्या पेडलावर.

गाडी दणकन खाली आली, बांधलेल्या एकाच पट्ट्याकडे वळली, आणि जेवण झाल्यावर कुशीवर होतात तशी आडवी झाली. आपांचा पाय तिथेच होता. त्यांनी उडी मारून काढला, आणि उडी मारलेले आपा जाळ्यांच्या ढिगावर पडले. आरसा फुटला, क्लचचा दांडा वाकला. ढिगावरून आपा काही बोलले नाहीत. ह्या वेळी कुणी शोधायला वाकलं नाही.

दुपारी काकी आल्या. आपा ओटीवर पडलेले, गाडी खळ्यात पडलेली, मध्ये आम्ही. काकींनी डोक्यावरची पाटी उतरवली. पाटीत निम्मे बांगडे परत आले होते. टेंपो दोन तास भरत होता म्हणे.

"कंबर?" काकींनी विचारलं.

"व्हय," आपा म्हणाले.

भाऊ पुढे झाले. "आता ऱ्हवांदे गो सुमती. इकून टाकूया. मी सांगतंय त्या कट्ट्याच्या गॅरेजवाल्याक. ह्या गाडयेनच घात केल्यान."

आपांनी डोळे मिटले. काकींनी सांगून ठेवलं होतं, आणि कंबर गेलेली होती. काकी गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. न बांधलेला पट्टा उचलून बघितला. लॉकच्या दात्यांवरून बोट फिरवलं. मग भाऊंसमोर उभ्या राहिल्या.

"ह्यो कोणी लावूचो होतो?"

भाऊंचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "मी."

"लायलास?"

"...नाय."

"मगे व्हय कोण म्हणालो?"

पोस्टमनला एकदम टपाल आठवलं.

"गाडयेन काय केल्यान? गाडी काय बोलूक नाय. व्हय तुमी म्हटलास." काकींनी पदर खोचला. "गाडी इकूची नाय. निमी मासळी परत इली आज. इकलंय तर उद्या सगळी येतली. पण आतां गाऱ्हाणा मी घालतलंय."

"बायलमाणूस गाऱ्हाणा घालता?" भाऊ.

"घोवमाणसानी घाटल्यानी तेचा काय झाला ता बघलंय मी."

काकींचं गाऱ्हाणं निराळं होतं. देवाला एकदाच नमस्कार, आणि मग डोळे उघडे. नुसतं 'व्हय' चालायचं नाही. ज्याचा पट्टा त्यानं पट्टा ओढून दाखवायचा, ज्याचा लॉक त्यानं लॉकवर बोट ठेवायचं, मग बोलायचं. गाडी वर असताना खाली कुणी हात घालायचा नाही, तिच्यावर कुणी बसायचं नाही, पोरं आणि कोंबड्या गडग्याच्या बाहेर. आणि मध्येच, अगदी त्याच सुरात, काकी भलतंच विचारायच्या.

"जॅकाखाली सुपारी ठेवली?"

"व्हय!" सवयीनं कुणीतरी म्हणायचं.

"तू भायर."

पहिल्या आठवड्यात भाऊ तीनदा बाहेर गेले. चौथ्यांदा ते ओरडले, "नाय! ठेवूक नाय!" आणि काकींनी त्यांना लॉकवर परत घेतलं. मी ह्या गाऱ्हाण्याची नक्कल गणपतीत केली, तर माणसं 'व्हय'वर ताल धरायला लागली आणि एकेक करून बाद झाली. शेवटी मांडवात आपा एकटे उरले. ते मुळात काही म्हणालेच नव्हते.

गाडी टिकली. चेन रोज चकचकीत. आपा स्टुलावर बसून चाक फिरवायचे, काकी पेडल मारायच्या. पण त्या पडण्यानं कंबरेतनं काहीतरी खाली सरकलं होतं. आपांचा डावा पाय हळूहळू बधिर होत गेला. गियर टाकलाय की नाही ते पायाला कळेना. एकदा कट्ट्याच्या चढावर गाडी मागे यायला लागली, तेव्हा आपांनी बाजूला घेतली, बंद केली, आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले. हे मला काकींनी सांगितलं. तोपर्यंत मी कणकवलीत कॉलेज संपवून तिथेच एका ऑफिसात चिकटलो होतो, गावी महिन्यातून एकदा यायचो.

मला वाटलं, आता गाडी गेली. भाऊ म्हणाले, गेलीच. मग एका रविवारी भाऊ मला म्हणाले, "ओहोटीक किनाऱ्यार ये. नाटक आसा."

ओहोटीला आचऱ्याची वाळू रस्त्यासारखी घट्ट होते. सगळा गाव उभा. सुमतीकाकी साडी खोचून गाडीवर, आणि आपा बाजूनं लंगडत चालतायत. कुणी शिट्टी मारली, कुणी 'काकीनू, विमान!' म्हणालं. काकी पडल्या. उठल्या. परत पडल्या, पाण्यात. गाडीला मीठ लागलं म्हणून आपांनी ताबडतोब घरी नेऊन धुतली, काकी तशाच ओल्या. पण काकी शिकल्या.

त्यानंतर मी आपांना एकदाच नीट बघितलं. कट्ट्याच्या स्टँडवर मी कणकवलीच्या एसटीची वाट बघत होतो. गाडीचा आवाज आला. काकी चालवत होत्या, ओठ आवळून, रस्त्याला दम देत. मागे आपा, दोन पाट्यांच्या मध्ये.

बाजाराच्या तोंडाशी गाडी थांबली. आपा उतरले. काकींनी टाचेनं डबल स्टँड दाबला, एक हात मागच्या कड्याला लावला आणि पाट्यांसकट गाडी खट्टकन चढवली. पाटी डोक्यावर घ्यावी इतक्या सहज. आपा माझ्याकडे बघत होते.

"आपानू," मी हळूच म्हटलं, "काकी डबल स्टँड लावतत? पयल्यापासून येय होता?"

आपा खोकले. मग काकींकडे वळले. "गो, पयल्यापासून येय होता तुका?"

काकी बांगडे मांडत होत्या. "होडयो वडललंय मी बापायच्या घरी."

"मगे सांगलंस कित्या नाय?"

"इचारलास खंय?"

बाजूच्या दगडावर बसून आपा बांगड्यांवरच्या माश्या वारत राहिले. एक बाई आली, डोळा बघितला, कल्ला उघडला, पिशवी पुढे केली. काकी मोजत होत्या, आपा पिशवीचं तोंड उघडून धरत होते.

पाट्या लवकर संपल्या. माझी एसटी उभी होती, मी खिडकीत बसलो. काकींनी गाडी स्टँडवरून काढली आणि चालू केली. आपा मागे चढले. डावा पाय वर येईना, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा फूटरेस्टवर ठेवला, आणि जागेवर बसलाय की नाही ते नीट वाकून बघितलं. मग काकींच्या खांद्यावर हात ठेवला.

काकींनी मागे वळून न बघता गियर टाकला.